नुसतं पाहिलं

सोमवार, ता. ३

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. अठरा वर्षं गिरणीच्या फाटकावर बसून आत कोण गेलं, बाहेर कोण आलं ते लिहिलं. दिवस संपताना काही खरडल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. इथे ऑफिसात कागद औषधालाही नाही, सगळं स्क्रीनवर. म्हणून ही वही माझ्या पिशवीत राहणार.

मुलीला नववा लागलाय. गिरणीला टाळं लागल्यावर मी रिकामीच होते, तेव्हा जावयाने इथलं काम बघून दिलं. मुलीच्या घरात जाऊन पडणं मला पटत नाही, म्हणून दोन गल्ल्या सोडून मागच्या अंगणाची एक खोली घेतली. मालकीणबाई बोलक्या आहेत. पहिल्या अर्ध्या तासात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन, दोन्ही सुना आणि नळाची वेळ एवढं ऐकून झालं.

ऑफिस पाचव्या मजल्यावर. लिफ्ट चालते. माझ्या खुर्चीचं एक चाक निखळलंय, ते मी उद्या ठोकून घेईन. बावीस हॉस्पिटलांच्या पेशंटची कागदपत्रं ही कंपनी सांभाळते. जावई म्हणतो, ही माहितीची वखार आहे आणि ती ढगात असते. मी विचारलं, मग ढग फुटला की पेशंट खाली पडतात का? जावई हसला नाही. लग्नातही हसला नव्हता.

वखारीत कोण शिरलं आणि कशाला हात लावला याची यादी मशीन आपोआप लिहितं. तिला ऑडिट लॉग म्हणतात. नियम असा की रोज एका माणसाने ती यादी वाचून सही करायची. माझ्याआधीचे शिकलेले लोक न वाचताच सह्या ठोकायचे. साहेब म्हणाले, आम्हाला असं माणूस हवं होतं की ज्याला कुणाचा भरवसा वाटत नाही. म्हटलं, बरोबर ठिकाणी आलात.

चौथी शिकलेल्या बाईला टेबल, खुर्ची आणि स्वतःचा पासवर्ड. आज मी खूश आहे. लिहून ठेवते, कारण मी फार वेळा खूश नसते.

मंगळवार, ता. ४

सेटिंगवाल्याशी ओळख झाली. चाळिशीचा, टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप. लॉगची सगळी बटणं त्याच्या हातात. मला ताई म्हणतो. माणूस सरळ आहे, पण प्रत्येक गोष्ट उद्यावर ढकलतो.

त्याने तीन बटणं दाखवली. कोण आत आलं, चालू. कुणी काय बदललं, चालू. कुणी नुसतं पाहिलं, बंद. हे बंद का? तर म्हणे ताई, नुसत्या बघण्याच्या ओळी दिवसाला लाखावर जातात, यादी फुगते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गिरणीत चोरी करणारा आधी चार दिवस नुसता बघतच फिरायचा. बघणारा लिहायचा नाही तर फाटक कशाला, दोरी बांधा. तो म्हणाला, बाई की पोलीस! पण बटण चालू केलं. डॉक्टर-नर्स उपचारासाठी उघडतात त्या ओळी बाजूला ठेवल्या. कामाशिवाय कुणी नोंद उघडली तरच ती माझ्या यादीत येणार. एखाद्याचा नंबर टाकून शोधलं तर मात्र त्या नोंदीच्या सगळ्या ओळी दिसतात.

मग कुलूप. यादी सात वर्षं ठेवायची आणि वर कुलूप लावायचं. एकदा लावलं की ओळ पुसता येत नाही, बटण बंद करता येत नाही. त्याला नाही, साहेबांना नाही, खुद्द ज्यांचा ढग आहे त्यांनाही नाही. तो म्हणाला, चार दिवस बघू, मग लावू. चार दिवस कशाला? मीच दाबलं. मशीनने दोनदा विचारलं, नक्की? दोनदा दाबलं.

नंतर त्याने नमुना म्हणून तीन पेशंटच्या नोंदी उघडून दाखवल्या. तिन्ही ओळी त्याच्या नावासकट यादीत आल्या. शेवटची नोंद एका म्हाताऱ्याची होती, वय बहात्तर, नंबरच्या शेवटी शून्य सात एक. नंबर माझ्या डोक्यातून जात नाहीत, ती गिरणीची देणगी.

बुधवार, ता. ५

पहिली यादी वाचली. एकोणतीस ओळी. अठ्ठावीस चोख. एकोणतिसावी अशी: वेळ अकरा दहा. नोंद, कालच्या त्या म्हाताऱ्याची. काम, नुसतं पाहिलं. आणि कोणी, हा रकाना कोरा.

सेटिंगवाल्याला ओढून आणलं. तो म्हणाला, कोरा असूच शकत नाही. माणूस असो की मशीन, नाव असल्याशिवाय दार उघडत नाही. मी म्हटलं, उघडलंय ना? तो म्हणाला, उद्या बघतो.

सही केली, पण ओळीपुढे फुली मारून.

गुरुवार, ता. ६

आज कोरा आला नाही. ढगवाल्यांचं उत्तर आलं, अशी कोणी व्यक्ती शिरलेली नाही. मी म्हटलं, मग ओळ काय माझ्या मावशीने लिहिली?

दुपारी एक आगाऊपणा केला. मालकीणबाई रोज छाती धरून पाणी माझ्याकडून भरून घेतात. ऑपरेशन खरं की थाप, ते बघितलं. नावावरून शोधलं, नोंद उघडली. ऑपरेशन खरं निघालं, तेही दोनदा. शरमेनं संध्याकाळी तीन बादल्या जास्त भरून दिल्या. उद्याच्या यादीत माझंही नाव येणार आणि त्यावर मीच सही करणार. सेटिंगवाला हसत सुटला होता.

शुक्रवार, ता. ७

अकरा दहा. कोरा रकाना. नोंद, मालकीणबाईंची.

सेटिंगवाल्याने सगळ्यांची नावं पडताळली, आमच्या सहा जणांची, बावीस हॉस्पिटलांची, मशीनांची. एकही सुटलेलं नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. मला म्हणाला, एसी नीट चालत नाही. एसी चालू होता, मी शाल पांघरून बसले होते.

शनिवार, ता. ८

आज कोऱ्याच्या नावावर बघणं नाही, बदल आहे. अकरा दहा. शून्य सात एकवाला म्हातारा. आधी चालू, आता बंद.

बंद म्हणजे काय, विचारलं. सेटिंगवाला हळू आवाजात म्हणाला, पेशंट गेला की हॉस्पिटल नोंद बंद करतं. मग हॉस्पिटलने केली? त्याने फोन लावून विचारलं. तिथली कारकून बाई म्हणाली, हो, ते बाबा आजच गेले, पण आम्ही अजून काही भरलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं?

सोमवार, ता. १०

संध्याकाळी परतले तर अंगणात चपलाच चपला. मालकीणबाई गेल्या. मोठी सून सांगत होती, सकाळी नळाखाली बादली लावली आणि तिथेच बसल्या. किती वाजता? तिला वाटलं मी वेडी आहे. म्हणाली, वेळ कोण बघतं? धाकटी म्हणाली, अकराचा भोंगा होऊन दहा मिनिटं झाली असतील.

मी ऑफिसातच यादीत पाहिलं होतं. मालकीणबाई, बंद. दिवसभर कुणाला बोलले नाही. घरी धावतही आले नाही. वाटलं, चुकीचं असेल. अठरा वर्षांत मी ओळ वाचून कधी गप्प बसले नव्हते.

मंगळवार, ता. ११

हिशेब सरळ आहे. कोरा ज्याला बघतो तो तिसऱ्या दिवशी जातो.

रात्रभर एकच विचार. मुलीचं नावही त्याच वखारीत आहे. तपासणी, सोनोग्राफी, सगळं. कोऱ्याने तिला कधी पाहिलं तर नाही? यादीत शोधायला तिचा नंबर हवा आणि नंबर माहीत नाही. फोन करून विचारला तर ती दहा प्रश्न विचारेल, आणि या दिवसांत तिला भीती घालायची नाही.

म्हणून नावाने शोधून तिची नोंद उघडली. नंबर घेतला, यादीत टाकला. डॉक्टर, नर्स, लॅब. कोरा कुठे नाही. एकही ओळ नाही.

खुर्चीतच रडले. मग तोंड धुऊन तिच्याकडे गेले. पाय सुजलेत तिचे, दाबून दिले. म्हणाली, आई, तू आणि एवढी गोड? काय बिघडलंय? म्हटलं, गप्प पड.

बुधवार, ता. १२

अकरा दहा. कोरा. माझ्या मुलीची नोंद. नुसतं पाहिलं.

—

तासाभराने पुन्हा लिहिते. यादी पहिल्यापासून पुन्हा वाचली. आधीच वाचायला हवी होती, अशी, माग काढत. कोऱ्याच्या प्रत्येक ओळीच्या आदल्या दिवशी आमच्यापैकी कुणाची तरी ओळ आहे. म्हाताऱ्याच्या आदल्या दिवशी सेटिंगवाला. मालकीणबाईंच्या आदल्या दिवशी मी. मुलीच्या आदल्या दिवशी मी.

तो आमच्या मागे मागे येतो. काम नसताना आम्ही शेवटची जी नोंद उघडतो, दुसऱ्या दिवशी तीच तो उघडतो. सेटिंगवाल्याने तीन उघडल्या होत्या, पहिल्या दोघांना काही झालेलं नाही, आज नंबर टाकून पाहिलं. फक्त शेवटची.

मीच दाखवली. बोट करून दाखवली, ही माझी मुलगी म्हणून.

आज बारा. तिसरा दिवस पंधरा. शनिवार.

सेटिंगवाल्याला म्हटलं, कालची माझी ओळ पूस. तो म्हणाला, ताई, कुलूप. बटण तरी बंद कर. कुलूप. मी त्याच्या पाया पडायला वाकले तर तो उठून उभा राहिला. म्हणाला, दोन माणसं गेली, योगायोग आहे, ढगाच्या यंत्रात काहीतरी बिघाड आहे, तुम्ही सुट्टी घ्या. त्याच्याकडून वचन घेतलं की कुणाचीही नोंद उघडायची नाही. बरं म्हणाला, लहान मुलाला म्हणतात तसं.

हे कुलूप कुणी लावलं? मी. मशीनने दोनदा विचारलं होतं.

गुरुवार, ता. १३

सकाळी मुलीच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. म्हटलं, शनिवारी तिला ऑपरेशन थिएटरात ठेवा, दहा डॉक्टर ठेवा. त्या म्हणाल्या, आजी, सगळं नॉर्मल आहे. जावयाला म्हटलं, तिला दुसऱ्या गावी ने. तो म्हणाला, आत्या तुम्ही झोपल्या नाहीत का? मलाच कळलं, माणूस कुठेही नेला तरी नोंद ढगात. कुठे नेणार?

मग गिरणी आठवली. कामावर खाडा पडला की बदली यायचा. फाटकावर मी नाव नव्हते बघत, डोकी मोजायचे. एक कमी, एक जास्त, भरपाई झाली की आत सोडायचे. वर कुणी विचारायचं नाही.

तोही फाटकावरचाच वाटतो मला. वेळेवर येतो. रोज एकच वेळ. त्याला डोकं हवंय.

पण माझी नोंदच नाही कुठे. उभ्या जन्मात हॉस्पिटलची पायरी चढले नाही, मुलगीही घरी झाली. दुपारी रांगेत उभी राहिले. खिडकीतली बाई म्हणाली, काय होतंय? काही नाही. मग कशाला आलात? म्हटलं, नाव लिहा. ती म्हणाली, मावशी, आजार सांगा, आजाराशिवाय केसपेपर निघत नाही. म्हटलं, लिहा, छातीत धडधडतं. ते खोटं नव्हतं.

चार वाजता ऑफिसात येऊन माझी नोंद उघडली. मीच. शेवटची. त्यानंतर मशीनला कुणालाही हात लावू दिला नाही.

ये म्हणावं. ही बघ इथे आहे.

शुक्रवार, ता. १४

अकरा दहा. आला. एकापाठोपाठ तीन ओळी. पहिली, माझी नोंद, नुसतं पाहिलं. मग दोन बदल. मुलीच्या नोंदीत, आधी १५, आता कोरं. माझ्या नोंदीत, आधी कोरं, आता १५.

बदली घेतली त्याने.

घेतली.

मी टेबलावर डोकं ठेवून हसले. मग रडले. मग भूक लागली, तीन दिवसांनी.

बारा वाजता साहेबांनी बोलावलं. समोर माझीच यादी, माझ्याच सह्या. कामाशिवाय तीन नोंदी उघडल्या, घरमालकीण, मुलगी, स्वतः. मी म्हटलं, हो. बचाव काय करणार, चोर मीच लिहून दिलाय. उद्याचा दिवस भरा आणि या, म्हणाले. नोंदी उघडायचं माझं बंद केलं. फक्त यादी दिसेल.

चालेल. मला आता कुणाला उघडायचं नाही.

शनिवार, ता. १५

सात चाळीस. पहाटेपासून कळा. जावयाचा फोन, हॉस्पिटलात नेलंय, विहीणबाई आहेत सोबत. तुम्ही येताय ना? म्हटलं, ऑफिसात शेवटचा दिवस आहे, दुपारी येते. त्याला राग आला. येऊ दे. तिच्यासमोर पडायचं नाही मला. ती कळा देत असताना तर नाहीच.

नऊ दहा. मजला रिकामा. तिचा नंबर टाकून बसलेय. नर्स, पाहिलं. नर्स, पाहिलं. डॉक्टर, बदल. लेबर रूम. ओळ आली की ती जिवंत आहे.

नऊ पन्नास. वीस मिनिटं ओळ नाही.

नऊ बावन. आली. नर्स.

दहा वीस. नवी नोंद तयार. आईच्या नंबराखाली. मुलगा.

दहा पंचवीस. जावई फोनवर रडत होता. तो. दोघं सुखरूप. मुलीने फोन घेतला, म्हणाली, आई, तुझ्यासारखा तापट आहे, आल्या आल्या डॉक्टरवर ओरडला. ये ना लवकर. म्हटलं, येते. तू झोप. डोकं झाकून झोप.

सेटिंगवाल्यालाही कळवलं. तो घरी आहे आज. फार आनंदला. म्हणाला, ताई, तुमची मुलगी माझी भाची, म्हणजे मी आजोबा झालो की! म्हटलं, हो रे बाबा.

दहा चाळीस. शांत वाटतंय. खिडकी उघडली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालतंय. तीस मिनिटं. मुलीला दोन ओळी लिहाव्या—

अकरा एक.

यादीत नवी ओळ. दहा अठ्ठावन. सेटिंगवाला. नुसतं पाहिलं. नोंद—

बाळाची.

फोन केला. हसत उचलला. घरूनच उघडली म्हणे. आजोबा झालो, नातवाचं वजन बघू नको? तीन किलो शंभर, ताई! मी ओरडले, काय केलंस, वचन दिलं होतंस. म्हणाला, ताई, आजी झालात, आता तरी सोडा हे वेड. दुसरी कुठली तरी उघड म्हटलं, लगेच, यानंतरची शेवटची व्हायला हवी. बरं बरं, सोमवारी बघू. ठेवला. आता उचलत नाही. मुलांना पोहायला नेणार होता.

अकरा चार. उचलत नाही.

माझ्याने उघडत नाही. पासवर्ड टाकला. नाही. परत टाकला. नाही. साहेब उचलत नाहीत. खाली पहारेकऱ्याकडे जाऊन काय सांगू— लिफ्टमध्येच अकरा दहा झाले तर वही कुणाला—

कोरा उद्या उघडेल. रविवारी. सोमवार नाही, उद्या. बदली द्यायला मी उरणार नाही.

अकरा सहा. सेटिंगवाल्या, हे तुझ्यासाठी. पहारेकरी तुलाच बोलावेल, तुझा नंबर वर मोठा लिहिलाय. मी इथे खुर्चीत असेन. वेळ बघ. अकरा दहा. आता तरी विश्वास ठेव.

जिवंत माणसाची उघडू नकोस. कुणाचीच नको, तुझी नको, तुला दोन मुलं आहेत. गेलेल्याची उघड. बंद झालेली नोंद. बंद झालेल्याला तो काय करणार? फाटकावर हजर नसलेल्याला कुणी— हे मला आत्ता सुचलं. आत्ता. मूर्ख बाई.

मी अकरा दहानंतर बंद असेन. माझी उघड. आजच. बाळानंतरची शेवटची ओळ माझी पाहिजे. आणि मग परत बाळाचं वजन बघायला, ते कसं आहे बघायला, प्रेमानेसुद्धा, कधीही

अकरा नऊ

मुलीला सांगू नको. छातीचं होतं म्हण, केसपेपर आहे. माझा नंबर लिहून घे, नावाने शोधू नको, माझ्या नावाच्या दोघी आहेत, दुसरी जिवंत आहे. नंबरानेच. नऊ सहा तीन शून्य